रघूची क्रेन

२००५ साल. मी एक्याऐंशी वर्षांचा. ब्रिस्टलच्या घरात सकाळचा चहा गाळत होतो, तेवढ्यात रघूच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले..." चहा तसाच राहिला. रघू असता तर म्हणाला असता, आधी चहा पी, गार होईल.

आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, चौथीसुद्धा न झालेले. दुसऱ्या महायुद्धात एकाच बोटीवर होतो, नंतर दोघंही ब्रिस्टललाच राहिलो. तो डेकवर क्रेनला आणि मी खाली आगवाला, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारणारा. बोट मूळची मालवाहू. लढाई लागली तशी इंग्रजांच्या नेव्हीने तिच्या पोटात विमानांना जागा केली. ही विमानं पाण्यावरच उतरायची. रघू क्रेनने त्यांना उचलून बोटीवर घ्यायचा, मग दुरुस्ती, तेलपाणी, की पुन्हा समुद्रात. लढाईनंतर त्याच बोटीने केळी वाहिली आणि शेवटी भंगारात गेली. तिचा इतिहास कुणी लिहिला नाही, म्हणून रिटायर झाल्यावर रघूने तिची हातभर लांब लाकडी बोट केली. लिहिता कुठे येत होतं आम्हाला...

क्रेन त्याने मागच्या टोकाला लावली. मी म्हटलं, चूक, क्रेन पुढे होती. विमान उचललं की बोट माझ्या तोंडाच्या बाजूला झुकायची, पायांना कळायचं.

"अरे शहाण्या, तुझं तोंड भट्टीकडे आणि भट्टी बोटीच्या मागच्या अंगाला, म्हणजे तू मागेच बघायचास," रघू म्हणायचा.

"माझे पाय खोटं बोलत नाहीत."

"पाय नाही, डोकं उलटं बसवलंय तुझं."

दर रविवारी रघूच्या घरी हेच. वहिनी भजी आणून ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज कोण जिंकलं?"

पुढे एकदा बंदरावर जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, तिथे आमची बोट दिसली. क्रेन मागे. मी घरी आलो आणि सहा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. रविवारी भांडत राहिलो.

रघूला जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा वहिनींनी बोलावून लाकडी बोट माझ्या हातात दिली. बघतो तर क्रेन पुढच्या टोकाला.

"आजारपणात हलवली," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, त्या हट्ट्याला बरं वाटू दे. आणि स्वतःच हसत बसले."

बोट मांडीवर घेऊन बसने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी सुरीने क्रेन सोडवली, मागच्या टोकाला डिंकाने चिकटवली, वाळेपर्यंत बोटाने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"वहिनी, क्रेन मागेच होती."

"आता सांगताय होय, भावोजी," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या.