हळू मारणारी बंदूक

बंदूक हाती आलेला जगातला प्रत्येक माणूस तिचा मारा वाढवायच्या मागे लागतो. ती आणखी हळू कशी मारेल या विवंचनेत वर्ष घालवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. मी त्यांना दादा म्हणतो. दापोलीच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर बुरोंडीच्या वाटेवरच्या घरात ते आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, असे दोघंच राहू लागले. घरातली कुठलीही वस्तू आहे तशी वापरणं दादांना स्वतःचा अपमान वाटतो. त्यांच्या छत्रीला सायकलची मूठ आहे. मिक्सरला दारावरच्या घंटेचं बटण आहे आणि घंटेला मिक्सरचं, त्यामुळे आलेल्या पाहुण्याला एकवर ठेवावं की तीनवर, याचा विचार करत पायरीवर उभं राहावं लागतं.

ही बंदूक अर्थात खरी नव्हे. त्यांच्या पुतण्याने समुद्राकाठी रिसॉर्ट काढलं होतं, तिथे मुंबईचे पाहुणे डोक्यावर हेल्मेट चढवून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत. गोळी लागली की फुटते आणि कपड्यावर रंग सांडतो, एवढाच तो खेळ. दोन पावसाळ्यांत रिसॉर्ट बंद पडलं आणि एक जुनी पंपाची बंदूक, एक हेल्मेट, वायूची बारकी नळकांडी आणि गोळ्यांचे खोके दादांकडे आले. पंपाची म्हणजे दर गोळीला नळीखालची मूठ मागे ओढून पुढे ढकलायची, तेव्हा कुठे आतली स्प्रिंग दाबली जाते आणि घोडा ओढता येतो. दादांनी ती पहिल्यांदा स्वतःवर तपासली. हेल्मेट घालून मला दहा पावलांवर उभं केलं आणि आपल्या मांडीवर गोळी मारायला लावली. कातडीवर कोकमाच्या रंगाचा चांगला रुपयाएवढा डाग उठला. मी माफी मागत होतो आणि ते व्हर्नियर कॅलिपर लावून त्या डागाचा व्यास वहीत उतरवून घेत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "यात सुधारणेला वाव आहे." मला वाटलं, त्यांना डाग मोठा करायचा आहे.

पण ज्या खेळात माणूस दुखावतो तो खेळ अपुरा, असं त्यांचं शास्त्रीय मत पडलं होतं. मग आतली स्प्रिंग गेली आणि तिथे आधी टॉर्चची, मग स्टॅपलरची, मग दोन बॉलपेनांच्या एकीत एक घातलेल्या अशा स्प्रिंगा येत गेल्या. सायकलच्या ट्यूबचे वायसर कापले. गोळ्यांचं भांडं फुटकं होतं, तिथे सरबताची बाटली उलटी बसली. नळी आतून ताईंच्या जुन्या पातळाच्या चिंधीने इतकी घासली की तीतून पलीकडे पाहिलं तर समुद्र जवळ आल्यासारखा वाटे. दापोलीच्या हार्डवेअरवाल्याने आणखी कडक स्प्रिंग काढून दाखवली तेव्हा, याहून मऊ काही नाही का, असं त्यांनी विचारलं, आणि तेव्हापासून तो माणूस त्यांना बसायला खुर्ची देऊ लागला. अखेर बंदूक अशी सुधारली की गोळी नळीतून बाहेर येई, क्षणभर इकडेतिकडे बघितल्यासारखं करी आणि न फुटता दादांच्या पायाशी पडे. "पोचली नाही हे खरं," दादा मला म्हणाले, "पण निघाली किती सभ्यपणे."

आमच्याकडच्या दमट हवेने गोळ्या फुगून नळीत अडकत, म्हणून दादांनी त्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या. एका मे महिन्यात मी त्यातली एक निळी, पेपरमिंट समजून, चघळली. ताईंनी शांतपणे सांगितलं की काळजी नको, पोस्टमनने पिवळी खाल्ली होती आणि त्याचं काम व्यवस्थित चालू आहे. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या कचेरीत मी पूर्ण दिवस तोंड न उघडता काढला, आणि माझ्यात अलीकडे गांभीर्य आल्याचं साहेबांनी बोलून दाखवलं.

त्याच वर्षी श्रावणात ताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय महिनाभरात सावरला, हात काही सावरेना. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला आणि तो दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितला. ताईंनी आठवडाभर दाबला आणि मग पडवीतल्या बाकाखाली टाकून दिला. आम्ही आठवडाभरासाठी राहायला गेलो तेव्हा त्या बागेकडे तोंड करून बसल्या होत्या. बायकोने चेंडू उचलून हातात दिला, तर म्हणाल्या, "शंभरदा दाबून होतं काय? चेंडू तसाच्या तसा राहतो."

दादा हे ऐकून उठले आणि मागच्या खोलीत गेले. दोन दिवसांनी बाहेर आले ते बंदूक घेऊन. साऱ्या जगाला निरुपयोगी झालेली ती बॉलपेनांची स्प्रिंग एका लुळ्या हातालाही दाबता येण्याजोगी होती. पंपाला त्यांनी फणसाच्या लाकडाची रुंद मूठ बसवली होती, बोटं निसटू नयेत म्हणून तिला शाळेच्या दप्तराचा पट्टा, आणि बंदुकीचं वजन पेलायला पडवीच्या कठड्यावर एक घोडी. अंगणातल्या फणसाच्या झाडाला जुनी चादर बांधून त्यांनी तिच्यावर चढत्या आकाराची वर्तुळं काढली. ताईंनी चादरीकडे पाहिलं आणि पुन्हा बागेकडे तोंड फिरवलं. दादांनी पातेलं टांगलं, परात टांगली, शेवटी आपली छत्री उघडून टांगली. चौथ्या दिवशी ताई बोलल्या. "तुम्ही उभे राहा," त्या म्हणाल्या.

दादा हेल्मेट घालून फणसाखाली उभे राहिले. ताईंना मूठ एकदा मागेपुढे करायला किती वेळ लागला ते मी पाहत होतो. कपाळावर घाम आला होता आणि डावा हात मदतीला येऊ पाहत होता, त्याला त्या मांडीखाली दाबून बसल्या होत्या. गोळी सुटली आणि पायरीपाशीच पडली. दादांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"पुढे येऊ नका," ताई म्हणाल्या. "मी पोचवते."

त्यानंतर रोज पाचच्या चहानंतर दादा फणसाखाली उभे राहू लागले. पावसात रेनकोट घालून, थंडीत मफलर गुंडाळून. त्या मार्गावरची एसटी घरासमोर मंद होई आणि माणसं खिडकीतून डोकी काढून बघत. दर पंधरवड्याला दादा ताईंना न सांगता किंचित कडक स्प्रिंग घालत. तो हार्डवेअरवाला त्यांना नंबरवार काढून देई. गोळी आधी तुळशीपर्यंत गेली, मग विहिरीपर्यंत. होळीच्या आदल्या आठवड्यात ती दादांच्या छातीवर फुटली. मी तेव्हा तिथेच होतो. दादा हलले नाहीत. शर्टावरून लाल रंग ओघळत होता आणि हेल्मेटची काच आतून धुकाळली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. ताईंनी मात्र पुन्हा पंप ओढला आणि म्हणाल्या की बाजूला होऊ नका, हे चुकून लागलं असेल.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं गेलो होतो. ताईंचा हात आता जवळजवळ पहिल्यासारखा झालाय. संध्याकाळी त्या माझ्या बायकोशी बोलत स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होत्या, उजव्या हातानेच. पाच वाजले, चहा झाला आणि दादांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं. मी त्यांच्यामागून पडवीत आलो. ते फणसाखाली जाऊन उभे राहिले. घोडीवर बंदूक भरलेली होती, बाक रिकामा होता.

मी विचारलं, ताईंना हाक मारू का.

"नको," हेल्मेटच्या आतून आवाज आला. "तिला कामं आहेत आता."

आणि ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.