अठ्ठावीस की पस्तीस

माझी मावशी न्योमान सुलात्रि, आमची बिबी, गिआन्यारजवळच्या आमच्या गावात देवाला वाहायच्या पानांच्या टोपल्या विणते. माडाच्या कोवळ्या पात्या कापायला बसली की तिची सुरी तिच्या जिभेइतकीच चालते. घराचा पाया घालायचा असो की बोट पाण्यात लोटायची असो, गाव तिलाच दिवस विचारतं. माझ्या लग्नाचाही तिनंच काढला. त्या दिवशी पावसानं मांडव आडवा केला, पण ते तिच्यासमोर बोलायची माझी टाप नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेत गाठी निघाल्या. लिम्फोमा, पण हळू वाढणारा. डेनपसारच्या डॉक्टर हर्जांति म्हणाल्या, "आत्ता औषध नको, तपासत राहू." कॅन्सर आहे म्हणायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं, हे मला मुळीच पटलं नाही. बिबीला मात्र पटलं. योग्य वेळेची वाट बघणं तिच्या कामातच आहे. यंदा पोटातली गाठ मूत्रपिंडावर दाबायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. अँटिबॉडी आणि केमो बरोबरच देऊ. दर अठ्ठावीस दिवसांनी, सहा वेळा. सुरुवात या आठवड्यात, दिवस तुम्ही सांगा."

बिबीनं बुध-क्लिवोन सांगितला. आमच्या दिवसाला दोन नावं असतात. एक सात वारांमधलं, दुसरं पाच बाजारदिवसांमधलं. तीच जोडी पुन्हा यायला पस्तीस दिवस लागतात. पहिली खेप सुखरूप पार पडली, साधा तापही आला नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी मी तिची पिशवी भरत होते.

"कशाला भरतेस? पुढच्या बुधवारी जायचंय," बिबी म्हणाली.

"उद्या अठ्ठावीस दिवस होतात!"

"उद्या बुध-पोन. क्लिवोनला बाधलं नाही ना? मग क्लिवोनलाच घेणार. तू मला दिवस शिकवू नकोस."

मी संतापले. शेवटी दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू करून सरळ तिच्यापुढे धरला. डॉक्टर जावाच्या. त्यांच्याकडेही हेच बाजारदिवस असतात, म्हणून त्या हसल्या नाहीत, आदरानं 'इबू', म्हणजे आई, म्हणून बोलल्या.

"इबू, तुमचं रक्त सावरायला अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणून त्याआधी देत नाही. पण पुढे गाठही सावरायला लागते, म्हणून उगाच उशीर नको. रक्त कमी पडलं तर मीच आठवडाभर थांबवीन. दिवसासाठी नाही. मला सांगा, उत्सवाच्या कामाला हात घालताना दिवस बघता. पुढे रोज बघता?"

"रोज कसं बघणार? पानं सुकून जातील की!" बिबी फटकन म्हणाली. मग फोन बाजूला सारला. माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? भर पिशवी."

बुध-पोनला आम्ही गेलो. दवाखान्याच्या दारातल्या देवळीत तिनं एकाऐवजी तीन टोपल्या ठेवल्या, क्लिवोन नसल्याची भरपाई म्हणून. पुढच्या चारही खेपा वेळेवर झाल्या. केस विरळ झाले, तोंडाची चव गेली, भाताच्या वासानं ती उठून जायची. मी मात्र प्रत्येक तपासणीला भीतीनं अर्धी व्हायचे.

सहाव्या खेपेनंतरच्या स्कॅनमध्ये पोटातली गाठ शोधावी लागली. "छान आहे," डॉक्टर म्हणाल्या, "आता केमो बंद. नुसती अँटिबॉडी, दर दोन महिन्यांनी, दोन वर्षं."

"आणखी दोन वर्षं?" मी कपाळाला हात लावला. तो रस्ता, ती गर्दी, त्या सुया.

बिबी डॉक्टरांकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"अगं, तोंड काय पाडतेस? एवढी शिकलेली बाई मला दोन वर्षांपुढची तारीख देतेय. मरणाऱ्या बाईला कुणी देईल का?"