प्रवचनाच्या कडा

ऑगस्टीन तुस्कानोने उभ्या आयुष्यात एकही पुस्तक वाकड्या कडेचं सोडलं नव्हतं. ही त्याची तारीफ नव्हे. पुढचं सगळं रामायण त्या सवयीतूनच घडलं.

वसईहून मस्कतला आला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. हमरियातल्या इक्बालच्या बाइंडिंगच्या दुकानात त्याने सव्वीस वर्षं काढली. ऑफिसांच्या वह्या, विद्यार्थ्यांचे प्रबंध, चर्चची गाण्यांची पुस्तकं, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. इक्बालचा एक नियम होता: शिलाई झाली की तीन बाजू कापायच्या मशीनवर मारून सरळ करायच्या, मगच पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. कडा न मारलेलं पुस्तक म्हणजे दाढी न केलेला नवरदेव, असं तो म्हणायचा. पुढे इक्बालने दुकान बंद केलं आणि ऑगस्टीनला अल खौदकडच्या एका खासगी ग्रंथालयात काम मिळालं. जुनी मासिकं बांधायची, सुटलेले पुठ्ठे चिकटवायचे. एकोणसाठाव्या वर्षी याहून बरं काय मिळणार होतं?

त्या ग्रंथालयाला एका म्हाताऱ्या अमेरिकन डॉक्टरीणबाईने आपल्या आजोबांच्या दोन पेट्या देऊन टाकल्या. आजोबा मस्कतला मिशनच्या दवाखान्यात होते, त्यांना जुन्या कागदांचा नाद. पेट्यांत निघाली त्यांच्या देशातली अडीचशे वर्षांपूर्वीची चोपडी. राजाच्या करांविरुद्ध लिहिलेली पत्रकं, उपवासाच्या दिवशी चर्चमध्ये झालेली प्रवचनं, लढाई धर्माला धरून आहे की नाही यावरची भांडणं. गावोगावच्या छापखान्यांत छापलेली, हातकागदाची, पुठ्ठा नसलेली. एक पान लांब, एक आखूड.

नोंदी करायला चिपळूणची मनाली होती. सव्वीस वर्षांची, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. तिने अकरा चोपडी आणून ऑगस्टीनच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, अंकल, फक्त शिलाई सुटलीय तेवढी घाला, बाकी कशाला हात लावू नका.

त्याने शिलाई घातली. सुरेख घातली. मग पहिलं चोपडं उभं धरून पाहिलं, तर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. हात आपोआप मशीनकडे गेला. तीन बाजू, तीन झटके, खलास. बाकीच्या दहांची पाळी उद्यावर गेली, आणि सकाळी तो यायच्या आत मनाली गठ्ठा उचलून घेऊन गेली. बघितलंही नाही तिने, खोक्यात घालून मोकळी झाली.

कापलेल्या कडांच्या पट्ट्या टेबलावर राहिल्या. त्यांवर बायबलच्या ओव्यांचे आकडे छापलेले होते, आणि काहींवर तपकिरी शाईने कोणीतरी बारीक लिहिलेलं. दोन-तीन त्याने वाचल्या. मग प्रश्न पडला की यांचं करायचं काय. वसईत देवाची गोष्ट कोणी कचऱ्यात टाकत नाही. तुटलेली रोझरीची माळ, फाटलेलं संताचं चित्र, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळकी झावळी, सगळं जाळायचं आणि राख मातीत घालायची. त्याने पट्ट्या घरी नेल्या, बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात जाळल्या आणि राख बायकोच्या, आग्नेसच्या, कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. आपण नीटनेटकं काम केलं याचं त्याला समाधानसुद्धा वाटलं.

तीन महिन्यांनी अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाचं पत्र आलं. स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांनिमित्त ते लोक अशी प्रवचनं शोधत होते. मनालीच्या यादीत त्यांना दिसलं होतं: पानं नऊ ते चौदा, समासात हस्ताक्षर. त्या पानांचे फोटो हवेत. छापलेलं प्रवचन दहा ठिकाणी मिळेल, ते हस्ताक्षर जगात दुसरीकडे नाही.

खोकं उघडलं. समास कोरा, आणि अर्धाच.

विभागप्रमुख मुस्तफासाहेब सज्जन माणूस, पण नवा, आणि कागदातलं त्यांना फार कळत नसे. त्यांनी काढायचा तोच अर्थ काढला. हे शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी कापलेलं, आणि या मुलीने पेटीतल्या जुन्या यादीवरून न बघता नोंद उतरवली. मनाली म्हणत राहिली, मी डोळ्यांनी पाहिलंय. कोण ऐकतो? सहा महिने पुढल्या आठवड्यात भरत होते. खोटी नोंद ठरली तर तिची बॅग भरूनच ठेवायची.

आणि गंमत बघा, गुरुवारी साहेबांनी चोपडं आणून दिलं ते ऑगस्टीनलाच. तुम्ही जुने जाणते, कट कधीचा ते रविवारी लिहून द्या.

ताज्या कापलेल्या जुन्या कागदाची कड पांढरी दिसते. ऑगस्टीनला ती खोलीच्या दारातून दिसत होती. चहाच्या पाण्याचा बोळा फिरवला की कड शंभर वर्षांची होते, हेही त्याला येत होतं. हमरियात कित्येकदा केलेलं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला मिस्सा आटोपून घरी आल्यावर त्याने जेवताना आग्नेसला सगळं सांगितलं. ती मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत बालवर्ग सांभाळते आणि नवऱ्यालाही त्याच आवाजात सांभाळते. तिने सरळ हिशेब मांडला. पोरगी तरुण आहे, तिला दुसरीकडे लागेल. तुमचा व्हिसा येत्या महिन्यात संपतो. तुम्हाला कोण घेणार?

"आणि एवढं टोचत असेल तर फादरला सांगा," ती म्हणाली.

"फादरला सांगून मनाली सुटते का?"

आग्नेसने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याने मागितला नव्हता, त्याने खाल्लाही नाही.

रविवारी तो साहेबांपुढे उभा राहिला. चोपडं टेबलावर ठेवलं.

"कट माझा आहे, सर. जूनमधला."

मुस्तफासाहेबांनी का म्हणून विचारलं. वाकडं दिसत होतं, तो म्हणाला. मग त्यांनी पट्ट्या मागितल्या.

"जाळल्या."

"जाळल्या?"

"देवाचे शब्द होते त्यावर. कचऱ्यात कसे टाकणार?"

साहेब रागवायला तोंड उघडून तसेच थांबले. त्यांच्या घरीही देवाचं नाव लिहिलेला कागद कोणी केराच्या टोपलीत टाकत नाही. शेवटी त्यांनी मशीनची किल्ली मागून घेतली आणि सांगितलं, काय केलं आणि पट्ट्यांवरचं काय आठवतं, सगळं लिहा. ते या खोक्यातच राहील. व्हिसाचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि ऑगस्टीनने विचारलं नाही.

लिहायला त्याला दुपार लागली. दोन कागद झाले, एक वहीतला, एक ऑफिसचा. एकावर एक ठेवले तर खालचा बोटभर बाहेर. हात मशीनकडे वळला, मशीनला कुलूप होतं.

मनाली कागद घ्यायला आली. तिची नोकरी वाचली होती, पण तिचा चेहरा काही तसा नव्हता. पत्र आल्यापासून ती सगळ्यांना एकच सांगत होती आणि हा माणूस पलीकडच्या खोलीत बसून खळ शिजवत होता. तिने उभ्यानेच वाचलं. त्याला आठवलेलं एवढंच होतं: एका पट्टीवर तारीख, मार्चची एकोणीस. दुसरीवर, आज पुन्हा बर्फ. तिसरीवर, मुलगा अजून परतला नाही.

"पुढे?" तिने विचारलं. "आला का तो?"

"बाय, बाकीच्या मी वाचल्या नाहीत."

मग दोन्ही कागद होते तसेच, पुढेमागे, खोक्यात ठेवून तिने झाकण लावलं.