आचारी आणि आचार्य

स्मरणिकेचं प्रकाशन त्याच संध्याकाळी होतं, आणि दुपारची जेवणं उरकली तरी आमच्या चाचण्या लालच होत्या.

आम्ही काही जण मिळून एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये बदलतं. त्याला ना खिडकी ना बटणं. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, बस. कोणीही कोडमध्ये बदल केला की संगणक सगळे नमुने आपोआप तपासतो. सगळे जुळले तर हिरवं, एक जरी चुकला तरी लाल. लाल असताना नवी आवृत्ती काढायची नाही, हा आमचा एकुलता एक नियम.

माझ्या मित्राचा सोलापुरात छापखाना आहे. एका शिक्षणसंस्थेची स्मरणिका त्याच्याकडे होती. आमच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती त्या फाइलवर मध्येच अडकत होती, म्हणून तो नवीची वाट बघत होता. वेळेत छापून झालं नाही तर संस्थेचं काम कायमचं हातचं जाणार होतं. स्मरणिकेत अध्यक्षांच्या नावाआधी ‘आचार्य’ होतं आणि नावानंतर दीड ओळ पदव्या.

लाल नमुना एकच होता. हवं होतं ‘आचाऱ्यांनी’, आलं होतं ‘आचार्यांनी’. परदेशातल्या एका सहकाऱ्याने साफसफाई करताना न दिसणारी चिन्हं काढून टाकली होती. मित्राची फाइल अडकत होती ती त्यांच्यामुळेच. पण त्यातलं एक चिन्ह र ला रफार होऊन य च्या डोक्यावर चढू देत नाही, आणि तेही गेलं होतं. एवढ्याशा रेघेसाठी अडू नका, ही चाचणी वगळा, असं त्याने लिहिलं.

मी मित्राकडून आभाराचं पान मागवलं. ‘आचाऱ्यांनी पहाटेपासून चुलीपुढे उभे राहून शिरा हलवला.’ चाचणी वगळली असती तर संध्याकाळी अध्यक्ष हारतुऱ्यांसकट शिरा हलवताना दिसले असते. कल्पना मोहक होती, पण निस्तरायला मित्र होता.

घाईघाईत मी दुरुस्ती केली आणि चाचण्या पुन्हा लावल्या. तेवढ्यात मित्राचा फोन आला.

“काय रे, लावू का मशीन?”

“थांब की जरा.”

“कवापासनं थांबलोय. सिग्नलसुदा सुटतंय की एवढ्यात.”

पुन्हा लाल. या वेळी अध्यक्षांचा आचारी झाला होता. मी सरसकट सगळेच रफार खाली उतरवले होते. हा उलटा नमुना आमच्या अक्कलकोटच्या सहकारी बाईंनी घातलेला. त्यांच्या घरी कन्नड. हे दोन्ही शब्द त्यांनी शाळेत वेगवेगळे पाठ केले, म्हणून अंदाजावर काही सोडत नाहीत. त्यांनी कळवलं की नवा नियम नको. ते एक चिन्ह परत ठेवा, बाकीची जाऊ द्यात.

तसं केलं. नमुने एकेक करत पुढे सरकत होते आणि माझा हात फोनवरच होता. हिरवं झालं. आवृत्ती काढली, मित्राने ती घेतली, फाइल या वेळी अडकली नाही.

“आता वाचून दाखव,” मी म्हटलं.

“आता? मशीनवाला तोंडाकडं बघायलाय माझ्या.”

“दोन्ही ओळी. मोठ्यानं.”

आधी त्याने ‘आचार्यांनी संस्था घडवली’ वाचलं. र्य वर जीभ चांगली आपटली. मग आभारातली ओळ वाचली. तिथे जीभ हलकेच पुढे सरकली.

“लाव,” मी म्हटलं. फोन बंद करायच्या आधीच मशीनचा खडखडाट सुरू झाला.