करंगळीतली अंगठी

आमच्या खोलीच्या दाराशी भिंतीवर एक फळी होती आणि फळीला आकडे होते. आत शिरण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं त्या आकड्यांना लटकवायचं. अंगठी, साखळी, बांगडी, घड्याळ, कानातलं, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आम्ही दगड दळायचो. दळलेल्या दगडात एखादा धातू किती आहे ते पुढे मोजलं जायचं, आणि तो इतका थोडा असायचा की अंगठीचा एक कण पडला तरी मोजमापाचा बट्ट्याबोळ. म्हणून माणसाने ओकंबोकं होऊनच आत यावं असा नियम. मी सुरुवातीला फार कुरकुर केली. माझ्या नाकावर राग तेव्हाही होता, आताही आहे.

भुकटीकाकांनी कधी कुरकुर केली नाही. दाराशी आले की डाव्या हाताने उजव्या हातातली अंगठी फिरवायची, काढायची, आकड्याला लावायची, आणि आत. बोलणं चालू असलं तरी हात आपलं काम करून मोकळा व्हायचा. कोणी विसरला तर मात्र ते त्याला उंबऱ्यावरच अडवत. मग तो कोणी का असेना.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, बाकी कुठे नाही. फोडलेला दगड पोलादी भांड्यात घालून यंत्रात फिरवायचा, पिठासारखी भुकटी झाली की तिचे दोन सारखे वाटे करायचे, हे त्यांचं काम. एक वाटा आमच्या प्रयोगशाळेत राहायचा, दुसरा पाकिटात बंद होऊन समुद्रापलीकडे जायचा. वजनकाटा माझ्याकडे, म्हणून ते मला 'तराजू' म्हणत.

हा सगळा खटाटोप भागीदारीसाठी होता. आमची कंपनी लहान. जुन्या खाणीबाहेर टाकून दिलेल्या दगडांतून दुर्मीळ धातू काढायची एक युक्ती आमच्या साहेबांनी शोधली होती. ती कितपत चालते ते पाहायला परदेशातलं एक विद्यापीठ आणि तिथलीच एक मोठी कंपनी आमच्याबरोबर आली होती. युक्ती आमची, यंत्रं त्यांची आणि दगड कोणालाच नको असलेले. त्यांना हवा होता पॅलेडियम. गाड्यांच्या धुराड्यात तो लागतो म्हणे, आणि जगात तो सगळ्यांनाच हवा असतो. दगडात तो पुरेसा निघाला तर करार वाढणार, नाहीतर आम्ही सगळ्यांनी घरी बसायचं. आणि तो निघत नव्हता. मुदत जवळ येत चालली तसं साहेबांचं हसणं कमी होत गेलं आणि आमचा जीव टांगणीला लागला.

काकूंना मी ओळखत होते. काकांचा डबा घरी राहिला की त्या घेऊन यायच्या आणि दाराशीच थांबायच्या, कारण त्यांना आत यायला अंगावरचं काही काढायचं नसायचं. फळीवर नवऱ्याची अंगठी लटकलेली दिसली की मला म्हणायच्या, "कामावर आलं की हे बिनलग्नाचे. लक्ष ठेव गं जरा."

"मला कोण घेतंय आता?" काका आतून म्हणायचे.

"तेच म्हणते मी. दिलं तर परत घेणार नाही म्हणावं."

त्यांच्या स्वतःच्या बोटात पांढऱ्या सोन्याची अंगठी होती, वेलीची नक्षी असलेली. लग्नाच्या वेळी त्यांनीच हट्टाने पांढरी मागितली होती. पिवळी काय, सगळ्यांच्याच हातात असते, असं त्यांचं म्हणणं. काका दुकानात ओशाळून उभे राहिले होते, हेही त्याच सांगत.

मग त्यांचं दुखणं आलं. ते लांबत गेलं, हात सुजले. रुग्णालयातल्या परिचारिकेने सांगितलं, अंगठी आज काढा, नाहीतर उद्या कापावी लागेल. साबण लावून, फुंकर घालून ती काढली. ठेवायची कुठे म्हणून काकूंनी काकांच्या हातात घालून पाहिली, तर फक्त करंगळीत बसली.

"सूज उतरली की परत द्या," त्या म्हणाल्या.

सूज उतरली नाही.

काका लवकरच कामावर आले. साहेब म्हणाले, राहा घरी, तुमची रजा कोणी मोजत नाही. काका म्हणाले, घर खायला उठतं. दाराशी त्यांनी नेहमीप्रमाणे उजव्या हातातली अंगठी फिरवली, काढली, आकड्याला लावली आणि आत आले. त्या हातांना इतक्या वर्षांत एकच अंगठी काढायची ठाऊक होती. करंगळीतली दुसरी तिथेच राहिली. त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पांढरी अंगठी आणि तिच्यावर करडी धूळ, दिसणार कशी? आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्यांच्याकडे नीट पाहायचं धाडस आमच्यापैकी कोणालाच होत नव्हतं.

एरवी हातमोज्यात ते निभावलंही असतं. पण काकांची एक पद्धत होती. ब्रशने भांडं झाडलं तरी कडेला थोडी भुकटी चिकटून राहते. ती ते मोजा काढून तळहाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूने, गोल निपटून घेत. आमच्या आया परातीतलं पीठ निपटतात तसं. नियमात ते बसत नव्हतं. पण हात रिकामे असताना कोण हरकत घेणार? मुदतीआधीच्या त्या शेवटच्या सबंध आठवड्यात काकूंची अंगठी पोलादाच्या भांड्यावर घासत राहिली आणि आम्ही ती भुकटी पाकिटात भरून परदेशी पाठवत राहिलो.

काही काळाने निकाल आले. पॅलेडियम निघाला होता. नुसता निघाला नाही, चांगला निघाला, आणि वर त्याहून जास्त सोनं. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. ते धावतच आमच्या खोलीत आले, दगड फोडणाऱ्याला मिठी मारली, पाकिटं भरणाऱ्या बाईला म्हणाले, तुझी नोकरी पक्की. माझे डोळे भरून आले. घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि कमावती मी एकटी. पुढच्या आठवड्यात करार वाढणार होता.

काका मात्र आपल्या सवयीने पुढे झाले. साहेब घाईत मनगटावरचं घड्याळ तसंच घेऊन आत आले होते.

"साहेब, घड्याळ," काका म्हणाले आणि दाखवायला त्यांनी हात वर केला.

तो हात वरच राहिला. ते साहेबांच्या घड्याळाकडे पाहतच नव्हते, स्वतःच्या करंगळीकडे पाहत होते. साहेब हसत हसत बाहेर गेले. काकांनी हात खाली घेतला, नळाखाली धुतला आणि माझ्यासमोर धरला. अंगठीची वेल एका बाजूला जशीच्या तशी होती. बाहेरच्या बाजूला ती पुसून गेली होती, बोट फिरवलं तर गुळगुळीत.

"पांढऱ्या सोन्यात काय असतं, ठाऊक आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.

ठाऊक होतं. सोनं पांढरं दिसावं म्हणून त्यात पॅलेडियम घालतात.

"गप्प बसा," मी म्हणाले. "हे बघा काका, दगडात धातू सारखा पसरलेला नसतो. एका ढिगात निघतो, दुसऱ्यात नाही. पुढे नाही निघाला तर कोणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही. तोवर करार झालेला असेल. आमच्या पोटाचा विचार करा."

मी हे बोलले याचं मला वाईट वाटत नाही. आजही तेच बोलेन.

"पोटाचाच विचार करतोय गं," काका म्हणाले. "पण ते तिचं आहे. डोंगराचं म्हणून कसं विकू देऊ?"

मी माझ्या काट्याकडे वळले.

परदेशातल्या लोकांशी पडद्यावर बैठक होती. तिकडे एक वयस्क रसायनतज्ज्ञ बाई होत्या, पाकिटं त्यांच्याच हातात जायची. आमचा इंजिनियर इकडचं तिकडे सांगत होता. काका मागे भिंतीशी उभे होते. साहेबांनी करारातलं पहिलं वाक्य वाचलं आणि काका पुढे येऊन कॅमेऱ्यासमोर थांबले. त्यांनी हात वर केला.

"बाईंना सांग," ते इंजिनियरला म्हणाले, "तो धातू या अंगठीतला आहे. काढायची राहिली. चूक माझी आहे, बाकी कोणाची नाही."

इंजिनियर साहेबांकडे पाहत राहिला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण त्यांनी मान हलवली. सांग म्हणाले. मी त्यांना पाठीमागे खूप नावं ठेवली आहेत, त्या दिवसानंतर नाही ठेवली.

बाई पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांनी विचारलं, "अंगठी कोणाची?"

"बायकोची."

"त्या कशा आहेत?"

काकांनी वर केलेला हात खाली घेतला. इंजिनियरने परस्पर सांगितलं. त्या बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला, एवढंच मला दिसलं.

राखून ठेवलेले दगड पुन्हा दळले, या वेळी दुसऱ्या माणसाने. काही निघालं नाही. मोठ्या कंपनीने हात काढून घेतला, विद्यापीठाचाही नाइलाज झाला. साहेबांनी काकांना एक शब्द बोलून दाखवला नाही. बाकीच्यांनी कसर भरून काढली. दगड फोडणारा त्यांच्याशेजारी डबा खायला बसेना. पाकिटं भरणारी बाई एकदा तोंडावर म्हणाली, "तुमची बायको गेली, आमचं तर सगळंच गेलं." काका मान खाली घालून ऐकत राहिले. मला तिचाही राग आला आणि काकांचाही, आणि दोघांचंही चुकत नव्हतं.

खोली बंद व्हायच्या थोडं आधी परदेशातून एक खोका आला. उरलेली भुकटी तिकडे फेकून देतात, तसा त्यांचा नियम आहे. त्या बाईंनी त्या आठवड्यातली सगळी पाकिटं, जेवढं उरलं होतं तेवढं, चिकटपट्टीने बंद करून परत पाठवली होती. आत बाकी काही नव्हतं. खोका काकांच्या नावाने होता, त्यांच्या खऱ्या नावाने, म्हणून तो कोणाचा हे कळायलाच आम्हाला वेळ लागला. काकांनी तो उघडला, पाकिटं एकेक करून हातात घेतली आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर रडले. आमच्या इथे उरलेले वाटे मी काढून आणले आणि त्याच खोक्यात ठेवले.

शेवटच्या दिवशी मी वजनकाटा बांधायला घेतला होता. तो नाजूक असतो, श्वास लागला तरी हलतो, म्हणून त्याच्याभोवती काचेची पेटी असते. काका शेजारी येऊन उभे राहिले. दळण कधीच थांबलं होतं, म्हणून करंगळीतली अंगठी त्यांच्या हातातच होती; ती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"तराजू, एवढं वजन करून दे."

मी पेटीचं दार उघडलं, अंगठी पारड्यात ठेवली, दार लावलं. आकडे हलून हलून स्थिरावले. मी ते वाचून दाखवले.

"म्हणजे किती झिजली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आधीचं वजन असल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि आधीचं वजन कोणी केलंच नव्हतं. काकू धडधाकट होत्या, अंगठी त्यांच्या बोटात होती, तेव्हा ती कोण कशाला तोलणार होतं? हे काकांना माझ्याइतकंच कळत होतं. सगळा जन्म त्यांनी याच कामात घालवला होता. तरी ते वाट पाहत उभे होते, रुग्णालयात डॉक्टरांपुढे उभे राहिले असतील तसे.

न तोललेलं वजन मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं.

"फार नाही, काका," मी म्हणाले. "अगदी थोडी. बाकी सगळी इथेच आहे."

त्यांनी मान हलवली. अंगठी परत करंगळीत घातली, खोका काखेत धरला आणि दाराकडे गेले. फळीवरच्या आकड्याला सवयीने काढलेली त्यांची स्वतःची अंगठी लटकत होती. ती घ्यायला ते विसरले. मी धावत जाऊन त्यांना रस्त्यावर गाठलं आणि त्यांच्या बोटात घातली.