राजाचे बूट आणि मामांचा डोळा

आमच्या वाचनालयाच्या मासिकात मी मालिकांची परीक्षणं लिहितो. वाचक किती, हे विचारायची हिंमत संपादकांनाही होत नाही. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला वायकिंगांवरची एक मालिका आली. परदेशी समीक्षकांत तिच्यावरून दोन तट पडले होते. एकांना समुद्र, धुकं आणि लढाया भव्य वाटल्या. दुसऱ्यांचं म्हणणं, इतिहासापेक्षा दाढ्यांवर जास्त मेहनत घेतली आहे. मी दुसऱ्या तटात बसायचं ठरवूनही टाकलं होतं. मालिका बघणं तेवढं बाकी होतं.

त्याच आठवड्यात मामा आमच्या फुलपाड्यातल्या घरी राहायला आले. अर्नाळ्यात त्यांनी जन्मभर होड्या बांधल्या. मोतीबिंदू वाढला, फळ्यांमधली फट दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी हत्यारं मुलाच्या हवाली केली. आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलाची नवी होडी किनाऱ्यावर अर्धवट उभी होती आणि तिचे सांधे मामांना स्वतः तपासायचे होते. नजर कितपत येईल, ते डॉक्टर नक्की सांगत नव्हते. "दिसतंय ना?" असं कुणी विचारलं की मामा "दिसतंय की" म्हणत आणि चहाचा कप चाचपडत उचलत.

डॉक्टरांनी थोडा वेळ टीव्हीची परवानगी दिली, तेव्हा दुपारी मी वही घेऊन बसलो. शेजारी काळा चष्मा लावून मामा. पडद्यावर राजा नव्या जहाजाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बूट रोवून उभा राहिला आणि भाषण करू लागला. मी वहीत लिहिलं, 'दृश्य भव्य.' लिहिलं उपरोधाने, पण खरं सांगायचं तर थोडा भारावलोही होतो.

"बूट काढ रे, मेल्या!" मामा ओरडले.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"नव्या होडीच्या नालेवर बूट घालून चढलाय! नारल नाय, हलद नाय, नुसती बडबड. याला दर्या काय पावनार?"

"मामा, त्यांच्याकडे नारळ होत नव्हते."

"नसतील. बूट तरी निघत होते ना?"

मी वहीत 'बूट' असं लिहून ठेवलं. तेवढ्यात कॅमेरा जहाजाच्या कडेने सरकला.

"थांबव, भाच्या. मागं घे."

मी मागे घेतलं.

"फलीवर फली चढवलीय बघ. आमी कडेला कड लावतो. काम वाईट नाय. पन ती वरून तिसरी फली, तिचा खिला बाहेर आलाय."

मी उठून पडद्याजवळ गेलो. नाक काचेला लागायच्या बेतात आलं, तेव्हा मला खिळा दिसला. मामा सोफ्यावरून उठलेही नव्हते. बायको माझ्याकडे बघत राहिली, मग न विचारता चहा ठेवायला आत गेली. कप आला तेव्हा मामांनी तो थेट कानाला धरून उचलला.

दाढ्यांवरचा परिच्छेद मी काढून टाकला. माझा लाडका होता, पण मालिका बघण्याआधी लिहिलेला होता. त्या जागी बूट आले, फळ्या आल्या, खिळा आला. एकाही परदेशी समीक्षकाला तो दिसला नव्हता, हेही मी जरा फुशारकीने नमूद केलं.

अंक छापून आल्यावर तो घेऊन अर्नाळ्याला गेलो. मामा होडीच्या आत बसून सांध्यावरून बोट फिरवत होते. मी चपला वाळूत काढल्या आणि वर चढलो. त्यांनी नवा चष्मा पुसला आणि अख्खं परीक्षण स्वतः वाचलं. मी वाचून दाखवतो म्हणालो, तर हातानेच गप्प केलं.

"बरं लिवलंस," ते म्हणाले. "पन खिला तिसऱ्या फलीचा होता. तू चौथी लिवलीस."

घरी येऊन मी ते दृश्य पुन्हा लावलं. तिसरीच होती. पुढच्या अंकात चूक दुरुस्त करून द्या, असं मी संपादकांना कळवलं. इतक्या आनंदाने मी स्वतःची चूक कधी कबूल केली नव्हती.