डोळे मिटायला सांगितलं होतं

मॅडमनी माझाच पदर ओढून घेतला आणि त्याच पदराने माझी दोन्ही मनगटं बांधली. चांगली घट्ट गाठ मारली. समोर सहा आया बसल्या होत्या, दोन बाप होते. विरारच्या त्या क्लिनिकमध्ये बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचे आणि दर गुरुवारी मुलांना आणि पालकांना एकत्र बसवायचे.

"आता बोला," मॅडम म्हणाल्या. "हात न हलवता बोलून दाखवा. बघू या जमतं का."

मी तोंड उघडलं. काय बोलायचं तेच आठवेना. बांधलेले हात आपोआप वर उठले आणि लोक हसले.

"बघितलंत?" मॅडम बाकीच्यांकडे वळल्या. "आईच अशी हात नाचवत बोलते. मग मूल तोंड कशाला उघडेल? ताई, इथे मासे विकायचे नाहीयेत."

मीसुद्धा हसले. हे मी विसरले नाही, विसरणार नाही. कोणी पाणउतारा केला की आधी आपण हसून घ्यायचं, ही सवय मला डोक्यावर पाटी घेऊन बिल्डिंगांचे जिने चढताना लागली होती.

माझी दर्शना समोरच्या छोट्या खुर्चीवर होती. चार वर्षांची. छातीवर कापडी पिशवीत ऐकायचं मशीन, त्याची वायर कानापर्यंत. ती हसली नाही. तिने माझे बांधलेले हात बघितले. मग आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. तिला कोणीही सांगितलं नव्हतं.

"व्हेरी गुड!" मॅडम म्हणाल्या.

आम्ही राजोडीचे. नवरा होडीवर, त्याच्याआधी सासरे होडीवर. सासऱ्यांना सगळं घर बा म्हणायचं. मी सातवीपर्यंत शिकलेली. आगाशीच्या बाजारात बसायचे आणि उरलेली मासळी विरारच्या बिल्डिंगांमध्ये विकायचे. ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांची गोष्ट आहे.

आमच्याकडे हातांनी बोलणं म्हणजे काही व्यंग नव्हतं. समुद्रावरचा वारा शब्द तोंडातून निघता निघता उडवून नेतो. होडी अजून पाण्यात आणि बाया किनाऱ्यावर. घसा फोडून काय उपयोग? मूठ वर केली की जाळं भरलंय. बोटं दाखवली की तेवढ्या पाट्या आणा. पंजा आडवा फिरवला की आज काही नाही, घरी जा. आणि उताणा पंजा झटक्यात उपडा केला, म्हणजे होडी उलटली. हा हात दिसला की बाया साडीचोळीसकट पाण्यात धावायच्या. विचारत बसायच्या नाहीत.

दर्शना तीन वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं समजलं. मी आठवडाभर रडले. बा रडले नाहीत. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, स्वतःच्या कानातल्या बाळीला दोन बोटं लावली आणि छातीवर हात ठेवला. हा मी. दोन बोटं कानाला, म्हणजे बा. सहा महिन्यांत दोघांचं असं काही जमलं की बघत राहावं. भूक, खेकडा, कावळा, ऊन, भरती, बापाची होडी, सगळ्याला हात होता. माझ्या चहाड्यासुद्धा ती माझ्या डोळ्यांदेखत बांकडे करायची, आणि बा मिशीत हसायचे.

पण शाळेत हेडबाई म्हणाल्या, "तोंडाने बोलता आलं पाहिजे. नाहीतर आम्ही घेऊन काय करणार?" त्यांचंही खरं होतं. मला पोरगी शाळेत हवी होती. तिच्या डोक्यावर पाटी यायला नको होती. म्हणून मी हातांना लिंबू चोळून, धुतलेली साडी नेसून एसटीने विरारला जायला लागले. तरी माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहायची. एकदा मनवेलपाड्याची एक बाई बसली. तिचा मुलगाही बहिरा होता. ती चांगली होती, पण तिनेही नाकाला पदर लावला.

पदराने माझे हात बांधले त्याच दिवशी मॅडमनी नियम सांगितला. त्यांचे शब्द मला तोंडपाठ आहेत.

"घरात कोणीही हात करायचा नाही. तिने हात केला की डोळे मिटून घ्यायचे. दिसलंच नाही असं दाखवायचं. रडू दे. कडक राहायचं. एक दिवस ती तोंड उघडेल. हातांची सवय मोडली नाही तर पोरगी जन्मभर मुकी राहील, आणि त्याला तुम्ही जबाबदार."

जन्मभर मुकी. एवढे दोन शब्द पुरले मला. त्यांनी घरी न्यायला एक आरसा दिला. त्याच्यासमोर तिला बसवायचं, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि 'बा' म्हणायचं. ओठ मिटून उघडताना दिसतात, म्हणून सुरुवात 'ब'पासून. बाबा, बाहुली, बाटली.

बांनी आरसा उलटापालटा करून बघितला. "हातच्या काकनाला आरसा कशाला?" म्हणाले. "पोर इतकं साफ सांगते. हात काय चोरी करतान?"

"बा, तुमाला काय कलतं त्यातलं?" मी म्हटलं. मी असं म्हटलं.

आमची माणसं सांगितलेलं अर्धवट करत नाहीत. किनाऱ्यावरून इशारा आला की तो पाळायचा, त्यात आपलं डोकं घालायचं नाही, असंच शिकत आलेलो. तेच मी मॅडमच्या बाबतीत केलं. नवऱ्याला सांगितलं, जावेला सांगितलं, शेजारीपाजारी सांगितलं. दर्शनाने हात उचलला की सगळं घर डोळे मिटायचं. जेवताना भाकरी मागितली, डोळे मिटले. ताप आला, कपाळाला हात लावून दाखवू लागली, डोळे मिटले. सुरुवातीला ती माझ्या पापण्या बोटांनी उघडायची. मग तिने ते सोडलं. मला वाटलं, सुधारतेय.

एकदा बाजारातून लवकर आले तर घरामागे, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या आड दोघं बसलेली. बा आणि ती. चोरून बोलत होती. चार हात नुसते उडत होते. ती हसत होती, खूप दिवसांनी.

मी त्या म्हाताऱ्याला काय नाही बोलले. "तुमच्यापायी पोर मुकी राहील. मेल्यावर तुमी सुटाल, भोगायचं आमाला." मॅडमनी मला जे सुनावलं होतं, ते मी त्यांच्या डोक्यावर जसंच्या तसं ओतलं. माझ्यापेक्षा खाली मला तेवढंच एक माणूस सापडलं.

त्या दिवसापासून बा घरामागच्या झापात, झावळ्यांच्या खोपीत, जाळं शिवत बसायचे आणि ती आली की दोन्ही हात मांडीवरच्या जाळ्याखाली सरकवायचे. ती समोर उभी राहायची. ते तिच्याकडे बघायचे. हात जाळ्याखालीच राहायचे.

वर्ष झालं. दर्शना पाच वर्षांची झाली. एका दुपारी नवरा समुद्रावर होता, जाऊ बाजारात. मी ओट्यावर करंदी, बारीक कोळंबी, निवडत होते. दर्शना झापाकडून धावत आली. दोन बोटं कानाला. आणि पंजा उपडा.

मी बघितलं. हे मला लिहायचंच आहे. डोळे मिटायच्या आधी मी ते पुरतं बघितलं होतं. दोन बोटं कानाला, पंजा उपडा. हा हात बघून मी दोनदा पाण्यात धावले होते. पण हात करणारी माझी पोर होती, आणि तिचे हात न बघायचं मी वर्षभर घोटलं होतं. मी डोळे मिटले.

ती माझी बोटं ओढत होती. नखं लागली. मी डोळे उघडले नाहीत. मग मी तिला उचलून आरशासमोर बसवलं, तिचा हात माझ्या गळ्यावर दाबून धरला.

"तोंडाने. बा. म्हन. बा."

ती रडत होती. ओठ मिटले, उघडले, आणि आवाज आला. "बा."

माझी पोरगी बोलली.

"परत म्हन."

"बा."

"अजून येकदा."

"बा!"

मी तिला छातीशी आवळली. गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला. अंगणात जाऊन ओरडले, दर्शना बोलली, दर्शना बोलली. शेजारच्या बाया आल्या. त्यांच्यासमोर तिला पुन्हा म्हणायला लावलं. ती माझा पदर झापाकडे ओढत होती. मला वाटलं, तिला बांना ऐकवायचंय. मलाही ऐकवायचंच होतं. बघा म्हातारबुवा, कोण बरोबर निघालं. आम्ही चार बाया हसत हसत झापात गेलो.

बा जाळ्यावर कोसळले होते. एक हात जाळ्याखाली होता. दुसरा बाहेर काढलेला, दाराच्या बाजूला. तिला काहीतरी सांगायला काढला असणार.

आगाशीचे डॉक्टर आले. सगळं संपलं होतं. त्यांनी विचारलं, "कधी पडले?" कोणालाच माहीत नव्हतं. दर्शना तिथेच उभी होती. तिला माहीत होतं. तिला कोणी विचारलं नाही.

डॉक्टर जाताना म्हणाले, "लवकर कळलं असतं तर निदान हालचाल करता आली असती. पुढचं काही सांगता येत नाही."

पुढचं काही सांगता येत नाही. इतकी वर्षं मी या वाक्याबरोबर राहतेय. करंदी निवडताना आठवतं. गुळाचा डबा उघडला की आठवतं. आमच्या घरात अजून कोणी 'बा' म्हणत नाही, नातवंडांनाही शिकवलं नाही.

तेराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा होती. दर्शना येईल त्याच्यासमोर जाऊन कानाला दोन बोटं लावायची आणि रिकामा पंजा फिरवायची. बा कुठे? मीच सगळ्यांना शिकवून ठेवलेलं, तेव्हा ज्याने त्याने डोळे मिटले. माझ्यासमोर आली तेव्हा मीही मिटले. आता नियमासाठी नाही. मला लाज वाटत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी मी क्लिनिकला गेले. का गेले? कोणीतरी मला बोलावं, शिव्या द्याव्या, असं वाटत होतं. नाहीतर निदान मॅडमनी म्हणावं की चुकलं. मी सगळ्यांसमोर घडलं तसं सांगितलं. हात कसा केला, मी डोळे कसे मिटले, तीनदा म्हणायला कसं लावलं, झापात काय दिसलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. पेन उचललं.

"अरेरे. वाईट झालं," म्हणाल्या. "पण म्हणाली ना? स्पष्ट म्हणाली? 'ब' पूर्ण आला?"

"हो."

त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. मग लोकांकडे वळल्या. "ऐकलंत? आई कडक राहिली म्हणून मूल बोललं. वय झालेलं माणूस जाणारच होतं. टाळ्या वाजवा दर्शनासाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनवेलपाड्याच्या बाईनेही वाजवल्या. तेवढे हात हलवायला तिथे परवानगी होती. माझी पोर मात्र हातांवर बसलेली. मांड्यांखाली तिची बोटं पांढरी पडली होती.

माझ्या डोक्यात काहीतरी थंड झालं. राग म्हणतात तसं काही नव्हतं ते. मी उठले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचे हात मांड्यांखालून बाहेर काढले. चोळले. तिने माझ्याकडे बघितलं आणि घाबरत, अर्धवट, दोन बोटं कानापर्यंत नेली.

मी डोळे उघडे ठेवले.

मग मी हात उचलले. वर्षभर वापरले नव्हते, जड झाले होते. दोन बोटं कानाला. पंजा उपडा. समुद्राकडे लांब हात. आणि पंजा आडवा. बा गेले. परत येणार नाहीत. मग तिच्याकडे बोट केलं, माझ्या छातीवर हात ठेवला आणि माझ्याच डोळ्यांवर बोट ठेवलं. तू सांगितलंस. मी बघितलं नाही.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग जे रडली, ते तेरा दिवसांचं रडणं होतं.

"ताई, हे काय चाललंय?" मॅडम ओरडल्या. "वर्षाची मेहनत पाण्यात घालताय तुम्ही!"

मी आरसा पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शिकवलेल्या स्वच्छ मराठीत, हात न हलवता बोलले.

"माझ्या मुलीने माणूस पडल्याचं सांगितलं होतं. मी तुमचं ऐकलं. आता नाही ऐकणार."

"मुकी राहील ती!"

"ती मुकी नव्हती. मी आंधळी होते."

जिन्यावर मागून चपला वाजल्या. मनवेलपाड्याची बाई होती, मुलाला कडेवर घेऊन. काहीतरी विचारायला तोंड उघडलं तिने. वरून मॅडमनी हाक मारली. ती परत वर गेली. तो मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याचे हात तिने एका हातात धरून ठेवले होते.

दर्शना पुढे थोडंफार तोंडाने बोलायला शिकली, दुसरीकडे, हात मोकळे ठेवून. बोलणं शिकवण्याशी माझं भांडण नाही. पंधरा वर्षांची असताना तिने मला हातांनी विचारलं, त्या दिवशी डोळे का मिटलेस? मी खरं सांगितलं. मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. मागायची गोष्ट नाही ती.

मी अजून पाटी घेऊन विरारला जाते. कुठल्याही जिन्यावर, कुठल्याही दारात, कोणाचंही पोर हात उचलताना दिसलं की मी पाटी खाली ठेवते आणि बघते. आया रागावतात, "मावशी, त्याची सवय मोडतोय आम्ही." रागावू देत. पोराचं सांगून होईपर्यंत मी तिथून हलत नाही. आणि परत कोणी मला डोळे मिटायला सांगितलं, मग तो कितीही शिकलेला असो, त्याच्या तोंडावर सांगेन, आधी तू बघ. पोर काय म्हणतंय ते बघ.